शैलाची ताटली

फोन आला तेव्हा शैलानं पाठवलेली, जंतू उगवायची काचेची ताटली माझ्या हातात होती. सकाळी चहा करताना शैला कोसळली आणि गेली, एवढंच तिच्या भावाला सांगता आलं. मी ताटली जंतूंसाठी उबदार ठेवलेल्या कपाटात परत ठेवली आणि मग खाली बसले...

शैला सोलापुरात डोळ्यांची डॉक्टर. तिच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर माझी जंतू तपासण्याची प्रयोगशाळा. कॉलेजपासूनची मैत्री, आणि भांडण एकच. रुग्णाचा नमुना पसरलेल्या ताटलीवर दोन-तीन दिवसांत काही उगवलं नाही की ‘वाढ नाही’ लिहून ती टाकून द्यायची, ही सगळीकडची रीत. शैला टाकू द्यायची नाही. “अगं, काही जंतू आळशी असतात, आपल्यासारखे. राहू दे.” कपाटात जागा नाही म्हटलं की म्हणायची, “मग दुसरं घे, चिकट कुठली!”

ही ताटली उजनीकाठच्या शांताबाईंची. एक डोळा लहानपणीच गेलेला, दुसऱ्याला उसाचं पान लागलं. ऊस म्हटला की आमच्याकडे डॉक्टर आधी बुरशी धरतात, आणि बहुतेकदा ती असतेही. त्या औषधांनी गुण आला नाही म्हणून त्या शैलाकडे आल्या. बुबुळावर बारीक पांढरे ठिपके होते, माळेत ओवल्यासारखे. शैलानं तिथलं थोडं खरवडून काचपट्टीवर आणि या ताटलीवर पसरून माझ्याकडे पाठवलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर काहीच सापडलं नाही.

“मावशी, ही बुरशी नसावी,” शैला त्यांना म्हणाली.

“काय बी असू द्या, बाई. नातीचं तोंड तेवढं दिसू द्या.”

“ती तर भांडते म्हणता तुमच्याशी!”

“व्हय, लई भांडखोर हाय. पर बघितल्याबिगर करमत न्हाय की.”

शैला गेल्यावर तिच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, “उगवलं काही? नाहीतर बुरशीचंच औषध वाढवतो.”

“थोडं थांबा,” मी म्हणाले. विश्वास होता असं नाही. टाकून द्यायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते नव्हतं. रोज सकाळी, शैला करायची तशी, ताटली खिडकीकडे तिरकी धरायची आणि परत ठेवायची. एका सकाळी तिच्यावर खडूची पूड सांडल्यासारखे कोरडे ठिपके दिसले. नोकार्डिया. मातीतला जंतू, बुरशीचं सोंग घेणारा. मी ताटली घेऊन जिना उतरू लागले, शैलाला दाखवायला... अर्ध्या जिन्यात उभी राहिले. मग खाली जाऊन त्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी त्याच दिवशी थेंब बदलले.

परवा शांताबाई आल्या होत्या. बुबुळावर फिकट डाग राहिलाय, पण दिसतंय. “त्या बाई कुटं हायत?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “आन् मी नातीला घेऊन आले हुते, त्यास्नी दाखवाया.”

ती ताटली नियमाप्रमाणे नष्ट केली. त्या जागी आता दुसऱ्या कुणाची आहे. अजून काही उगवलेलं नाही. राहू दिली आहे.