निर्जंतुकांचा लाल पेन ड्राइव्ह

गल्लीत छपाईचं दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे पाठीमागे 'निर्जंतुक' म्हणत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स घातलं आणि त्या दिवसापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनासे झाले. "विंडोजवर व्हायरस घरजावयासारखा राहतो," ते प्रत्येकाला ऐकवत. "मॅकवाले बिनघोर असतात, पण शिरकाव तिथेही होतो. लिनक्सवर मात्र परवानगीशिवाय पान हलत नाही!" समोरचं गिऱ्हाईक मुकाट्याने मान डोलवायचं, कारण त्याची कार्डं अजून मशीनमध्ये असायची.

घरी बायकोचं भरतकामाचं मशीन होतं आणि त्याला विंडोजशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. गिऱ्हाइकांनी दिलेली चिन्हं निर्जंतुक दुकानातून लाल पेन ड्राइव्हवर आणून द्यायचे आणि बायको ती कपड्यांच्या खिशांवर भरायची. तिचा कॉम्प्युटर आडवा झाला, की हे दारातूनच सुरू व्हायचे, "आला ना पाहुणा? मी म्हटलंच होतं!"

या वेळी दवाखान्याच्या कोटांचं काम होतं. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. उद्या सकाळी कोट न्यायला माणूस येणार, आणि आज जेवणं उरकेपर्यंत एकही डिझाइन उघडेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निर्जंतुकांना मनापासून वाईट वाटलं, पण जीभ ऐकेल तर शपथ.

"तुझं विंडोजच भोळं गं," ते म्हणाले.

तिने डोळे पुसले. "अहो, तुम्ही मागे ताईंकडे राहायला गेलात, तेव्हा हे भोळं कसं ठणठणीत होतं?"

उत्तराची वाट न बघता तिने लाल पेन ड्राइव्ह उचलला, तडक दुकान गाठलं आणि मागोमाग आलेल्या निर्जंतुकांच्या देखत तो स्वतःच्या हाताने त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. दवाखान्याच्या चिन्हाशेजारी एक भलतीच फाइल बसली होती.

"ही कोण?"

"ती होय? ती जुनीच आहे. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून येते. मी आख्खं फोल्डर उचलतो, निवडत कोण बसणार? विंडोजची आहे, इथे चालतच नाही. मला काही त्रास नाही तिचा."

"तुम्हाला कसा होईल? तुम्ही तिला घरी आणून सोडता!"

निर्जंतुकांचा चेहरा खर्रकन उतरला. गल्लीतले सगळे आजारी कॉम्प्युटर त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांनी प्रत्येकाला व्याख्यान दिलं होतं, आणि फाइलीही याच पेन ड्राइव्हवरून दिल्या होत्या.

दवाखान्याचं चिन्ह दुकानात शाबूत होतं, तेवढं लिनक्सचं खरं. तिने पेन ड्राइव्ह कोरा करून त्यावर फक्त ते चिन्ह घेतलं आणि घरचा कॉम्प्युटर आतलं सगळं पुसून नव्याने उभा केला. मशीन पुन्हा खडखडू लागलं. निर्जंतुक शेजारी स्टुलावर बसून कोटांचे लोंबते धागे कापत राहिले. शेवटच्या कोटाची घडीही त्यांनीच घातली.

सकाळी दवाखान्याचा माणूस कोटांवर हात फिरवत खूश झाला. "हे कॉम्प्युटरवर करता ना? व्हायरस नाही येत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"येतो की," निर्जंतुक म्हणाले. "मीच आणतो."