घरचं नाव

लहान मुलांमधल्या स्वमग्नतेच्या अभ्यासाचे फॉर्म तीन गावांहून आमच्या जालन्याच्या केंद्रात यायचे. ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम केंद्रातल्या एका तरुण ऑपरेटरकडे होतं. गठ्ठा हातात घेतला की म्हणायचा, "मॅडम, ह्याच्यात कायतरी गडबड हाय." गडबड सापडली नाही की दिवसभर नाराज.

एकदा परतूरच्या गठ्ठ्यावर तो अडून बसला. 'नावानं हाक मारल्यावर मूल बघतं का?' या प्रश्नापुढे प्रत्येक फॉर्मवर 'नाही' होतं. मी म्हटलं, चढवून टाक.

"बिलकुल न्हाई. एका गावातली समदीच पोरं बघंना झाली?"

दुसऱ्या दिवशी तो रेल्वेनं परतूरला गेला आणि संध्याकाळी हसतच परतला. "फॉर्म भरणारे आपले नवे सर अंगणवाडीच्या रजिस्टरातलं नाव घेऊन हाका मारून राह्यले. ऋषिकेश, ऋषिकेश! घरी त्याला बारशापासून गोट्या म्हणतेत. मी गोट्या म्हन्लं, तर मंग पोरगं पळतच आलं. पोरात दोष हाय म्हणून त्याची माय चार दिवस जेवली नव्हती."

फॉर्मवर 'घरचं नाव' असा नवा रकाना आला. केंद्राच्या साहेबांनी कौतुक करायला त्याला तीनदा पूर्ण नावानं हाक मारली. कॉम्प्युटरमधून त्याची मान काही वर झाली नाही. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या त्याच्या आईनं दारातून एकच हाक घातली आणि गडी खुर्ची पाडून उठला.

ते नाव मात्र कुठल्याही रकान्यात लिहायचं नाही, अशी त्यानं आम्हाला शपथ घातली आहे.