आक्का नव्हे, बायको

आमच्या कोल्हापुरात पेशंटला बघायला जायची एक पद्धत आहे. शहाळं घ्यायचं, कॉटच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायचं, "काय, वळखलं काय मला?" पेशंटचा पाय मोडलेला असो नाहीतर अपेंडिक्स काढलेलं असो, प्रश्न हाच. मीही जन्मभर हेच करत आले. त्यात मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण, बत्तीस वर्षं "सांगा बघू" याच्याशिवाय तोंडातून दुसरं काही निघालं नाही. या प्रश्नानं माणसाचं नुकसान होतं असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच खुळ्यात काढलं असतं.

आमचे मालक कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. सकाळच्या पाळीला निघाले, कुत्रं आडवं आलं, मोटारसायकल घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं की, हँडलला अडकवलेलं! अकरा दिवस शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा हात-पाय हलत होते, बोलत होते, आम्ही देवीला नारळ फोडला आणि सुटलो म्हणालो.

मग माझ्या धाकट्या दिरानं मला कॉटपुढं उभं केलं. "दादा, सांग बघू, ही कोण?" त्यांनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. तीन आठवडे दवाखान्यात काढलेले, केसांची मेंदी उतरलेली, एसीची थंडी वाजत होती म्हणून डोक्यावरून पदर घेतलेला. म्हणाले, "आक्का." सगळे हसले. खरं सांगते, मीही हसले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नेसरी गावाला दिलेली, कायम डोक्यावर पदर. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच यांना लहानाचं मोठं केलं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि ती गेली ती यांच्याच मांडीवर.

दुसऱ्या दिवशी तालमीतले दोस्त आले. दिरानं त्यांना किस्सा सांगितला. "वैनीस्नी आक्का म्हणतोय व्हय? आर तिच्या! परत सांग बघू, ही कोण?" ते म्हणाले, "आक्का." परत हशा. जो येईल तो विचारायचा. दूधवाल्यानं विचारलं, भावकीनं विचारलं, वॉर्डबॉयनंसुद्धा विचारलं. आणि मी मास्तरीण, मीही दिवसातून दहादा विचारायचे, आता तरी बरोबर सांगतील म्हणून.

घरी आणलं तरी तेच. फौंड्रीतलं सगळं पाठ, लग्नातली पंगत आठवायची, पण आत्ता चहा घेतला हे आठवायचं नाही. आणि मी आक्का. मी म्हणायचे, "अवो, मी तुमची बायको." ते हसायचे, "आक्का, चेष्टा करतीस व्हय?" एकदा माझं डोकंच फिरलं. लग्नाचा फोटो काढून त्यांच्या नाकापुढं धरला. "ही कोण?" "बायको." "आणि मी कोण?" "तू आक्का." कपाळ माझं! फोटोतली चोवीस वर्षांची पोर माझ्याकडं बघत होती आणि मला तिचाच राग येत होता.

मग डॉक्टरांनी मेंदूच्या व्यायामाच्या मॅडम पाठवल्या. दर मंगळवारी यायच्या. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींच्या वयाची मुलगी. तिनं आधी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखरेच्या डब्यावर साखर, मोरीच्या दारावर मोरी. एक वही यांच्या खिशात दिली, जे घडेल ते लगेच लिहायचं. मग मला विचारलं, "काकू, हे आक्का कसं सुरू झालं?" मी सगळं सांगितलं. तिनं हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाली,

"काकू, आपण चुकलो की चूक लक्षात राहते, पुढच्या वेळी आपण सुधारतो. यांना चुकलेलं आठवत नाही, पण जे उत्तर एकदा तोंडातून गेलं त्याचंच वळण पडतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्याकडून चुकीच्या उत्तराचा सराव करून घेतलाय."

मी विचारलं, "मग करायचं काय?"

"विचारायचं नाही. अंदाज करू द्यायचा नाही. आधी उत्तर सांगायचं, मग लगेच म्हणून घ्यायचं."

"म्हणजे कॉपी पुरवायची?"

"हो काकू. कॉपीच पुरवायची."

बत्तीस वर्षं कॉपी करणाऱ्यांचे कान पिळले होते मी. पण मला आणखी एक कळत नव्हतं. दवाखान्यात दुसऱ्या एक बाई भेटल्या होत्या, त्या म्हाताऱ्या माणसांच्या विस्मरणाचं बघायच्या. त्यांनी सांगितलं होतं, "पेशंटचं बोलणं खोडून काढू नका, ते ज्या जगात आहेत तिथं तुम्ही जा." आता हिचं ऐकायचं की तिचं? मॅडम म्हणाल्या, "ज्यांना नवीन काही शिकताच येत नाही, खरं सांगून नुसता त्रास होतो, त्यांच्यासाठी ते. काकांना शिकता येईल." मी म्हटलं, "आणि आक्का कुठं आहे असं त्यांनी विचारलं तर?" तिनं वहीचं पान उलटलं. "बघू," म्हणाली.

सुरू केलं. "मी तुमची बायको. मी कोण?" "बायको." मोबाईलवर एक मिनिटाचा गजर लावायचा, वाजला की परत तेच. मग दोन मिनिटं, चार, आठ. मधल्या वेळात मी लसूण सोलायचे. जरा अडखळले की थांबायचं नाही, उत्तर सांगून मोकळं व्हायचं. दारावर पाटी लावली, "पेशंटला ओळखलं का असे विचारू नये." लोक पाटी मोठ्यानं वाचायचे, "आमाला न्हवं ते, परक्यांस्नी हाय," म्हणायचे आणि आत येऊन पहिलं तेच विचारायचे. एकदा अर्ध्या तासापर्यंत गाडी आणली होती. तालमीतला एकजण आला, मला पुढं ओढलं, "ही कोण, सांग की भावा?" "आक्का." मी त्या माणसाला शहाळ्यासकट बाहेर काढला. शेजारणी महिनाभर बोलत होत्या.

आणि मग ती दुपार. ते झोपाळ्यावर बसले होते, मी खाली ताक घुसळत होते. म्हणाले, "आक्का, बायको माझ्यावर रुसलीया काय गं? चार दिस झालं दिसंना."

नियमाप्रमाणे मी तिथंच सांगायला पाहिजे होतं, मी तुमची बायको. पण मी म्हटलं, "का रुसंल?"

"मी तिला कवा चांगलं बोललोच न्हाई. नोकरी करून समदं घर बघितलं तिनं. मला बोलाय येतच न्हाई बघ. तोंडाशी येतंय आन् मागं जातंय."

चौतीस वर्षांत या माणसानं भाजी चांगली झाली असंसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. रवी माझ्या हातातच राहिली. आणि मी बेशरमपणानं विचारलं, "आणि काय?" ते आणखी बोलले. ते मी इथं लिहिणार नाही, ते माझं आहे. त्या दिवशी मला आनंद झाला की वाईट वाटलं हे मला अजून सांगता येत नाही. आक्काचा हेवा वाटला, हे मात्र नक्की. दुसऱ्या दिवशी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि परत मोबाईल लावून बसले.

दोन महिने गेले. तास झाला, मग अर्धा दिवस. आणि एका सकाळी दीर आला, पाटी विसरला, सवयीनं बोलून गेला, "दादा, ही कोण?" मी उत्तर सांगायला तोंड उघडलं, तर हे आधीच म्हणाले, "बायको हाय माझी. मास्तरीण."

मास्तरीण हा शब्द मी शिकवला नव्हता! तो त्यांचा त्यांनी आणला होता. मी दिराला मिठाई आणायला पळवलं. मंगळवारी मॅडमनी माझा हात दाबला. मी जिंकले होते.

त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "मास्तरीणबाई, आक्का कुठं गेली? सकाळपास्नं दिसंना."

मी म्हटलं, "नेसरीला गेल्या."

"मला न सांगता?" ते उठून दारात पायरीवर जाऊन बसले. ताट केलं तर म्हणाले, आक्का येऊ दे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नुसतं दूध पोटात. दर दहा मिनिटांनी आक्का कुठं आणि मी दर दहा मिनिटांनी नेसरी. चौथ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. मी ओरडले, "अवो, आक्का गेल्या! सहा वर्षं झाली त्यांना जाऊन!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हंबरडा फोडला. आत्ताच गेल्यासारखा. थोड्या वेळानं ते का रडतोय हेच विसरले, पण रडणं थांबेना. मला विचारत होते, "काय झालंय गं? मला एवढं वाईट का वाटाय लागलंय?" वहीत लिहायला पेन घेतलेलं त्यांनी, ते मी काढून घेतलं.

मग ते परत पायरीवर जाऊन बसले. मी चप्पल घातली, मागच्या दारानं बाहेर पडले, बोळाला वळसा घालून पुढच्या रस्त्यानं आले. डोक्यावरून पदर घेतला. पायरीपाशी येऊन म्हटलं, "काय रं, जेवलास काय?"

नवऱ्याला रं म्हणायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

"आक्का!" त्यांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "कवा आलीस?"

"आत्ताच. चल, ऊठ, जेवून घे."

मी भाकरी कुस्करून भरवली. दीड भाकरी खाल्ली. मध्येच ते माझ्या कानाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आक्का, आत माझी बायको हाय. तिला काय टाकून बोलू नको हं. लई दमतीया."

"न्हाई बोलत."

"ती बी जेवली नसंल. हाक मार की तिला."

मी रिकाम्या स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि हाक मारली, "अगं ए, जेवाय ये." तिथून कोण येणार होतं? ते वाट बघत थांबले. मी म्हटलं, "येतीया म्हणली." तेव्हा त्यांनी ताटातली उरलेली अर्धी भाकरी बाजूला सारली, तिच्यावर वाटी पालथी घातली आणि म्हणाले, "ही तिला ठेव."

ते झोपल्यावर मी ती भाकरी स्वयंपाकघरात उभ्यानंच खाल्ली, आणि खाता खाता लई रडले.