काकांनी फोनवर गाडी पाहिली

"राहू दे. त्याला वाईट वाटेल."

हे वाक्य आमच्या मजल्यावर रोज एकदा तरी ऐकू यायचं. भाजीवाल्याने पिशवीत किडकी वांगी घातली आणि काकू ती परत द्यायला निघाल्या, की काका दारात आडवे. दुपारी वॉचमन खुर्चीत डुलकी घेत असला, तर काका चपला हातात घेऊन त्याच्यासमोरून जायचे आणि फाटक स्वतःच हळूच ढकलायचे. एकदा न्हाव्याने त्यांचे केस डाव्या बाजूला जरा जास्तच कापले. पुढचे कितीतरी दिवस काका मान किंचित कलती ठेवून चालत होते. दुकानावरून जाताना न्हाव्याच्या लक्षात येऊ नये म्हणून.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अशा माणसाच्या शेजारी राहणं सोपं असतं, त्याच्या घरात राहणं अवघड. हे काकूंचं मत, आणि त्या ते काकांसमोरच सांगायच्या.

आम्ही विरार पूर्वेला, चंदनसारला राहतो. काका आमच्या समोरच्या दारातले. नोकरी टेलिफोन खात्यात केली, तीही तक्रार विभागात. बंद पडलेल्या फोनांबद्दल आयुष्यभर लोकांची बोलणी खाल्ली. मी एकदा विचारलं, राग नाही यायचा का? तर म्हणाले, "लोक माझ्यावर थोडेच रागवायचे? फोनवर रागवायचे. पण फोनच बंद, मग ऐकून कोण घेणार?"

माझी नोकरी नेमकी उलटी. मी विमा कंपनीत दावे तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून असेल, पण काकांनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आणलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे आले.

गाडीचं कारण काकू होत्या. त्या मूळच्या अर्नाळ्याच्या. ज्या थोरल्या बहिणीने त्यांना आईच्या मागे वाढवलं, ती तिथल्या घरात अंथरुणाला खिळलेली होती. काकू दर रविवारी तिला भेटायला जायच्या. पण काकूंना दमा. रिक्षातला धूर आणि धूळ खात अर्नाळ्याला पोचेपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी चालायची. त्या बहिणीच्या खाटेजवळ धापा टाकत बसायच्या आणि बहीण पडल्या पडल्या ओरडायची, "हिला कोनीतरी पानी द्या." आजारी कोण आणि भेटायला आलेलं कोण, हे बघणाऱ्याला कळायचं नाही. शेवटी डॉक्टरांनी रिक्षा बंद केली आणि त्याबरोबर रविवारही बंद झाला.

पेट्रोलच्या नुसत्या वासानेही काकूंना ढास लागायची. म्हणून काकांनी ठरवलं, बिनधुराची गाडी घ्यायची. नवी परवडणारी नव्हती, जुन्यांपैकी आसपासच्या गाड्याही आवाक्याबाहेरच्या निघाल्या. मोबाईलवर शोधता शोधता एक सापडली. छोटी, पांढरी आणि नागपुरात.

"तू जरा बोल त्या मुलाशी," काका म्हणाले. "मला त्याला असं उलटसुलट विचारायला बरं वाटत नाही."

मी म्हटलं, नागपुरातलाच एखादा मेकॅनिक पाठवून गाडी तपासून घेऊ. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याच्या घरी झडतीच घेतल्यासारखं झालं. त्याचे शेजारी काय म्हणतील?"

पहिला व्हिडिओ कॉल त्यांनी स्वतःच केला. मी आणि काकू शेजारी बसलो होतो. गाडीचा मालक तिशीतला तरुण होता, कुठल्याशा कारखान्यात नोकरीला. काकांनी आधी नागपूरच्या उन्हाची चौकशी केली, मग त्याच्या वडिलांच्या मोतीबिंदूची, मग संत्र्यांची. गाडी मागे उभी होती. तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

"त्याला म्हना, गाडी दाखव," काकू म्हणाल्या. "संत्री मंग बघू."

मी हळूच सांगितलं, बॅटरी खराब झालीय का ते विचारा. काकांनी घसा खाकरला आणि विचारलं, "बरं, बॅटरीची तब्येत कशी आहे?"

"एकदम मस्त आहे जी."

"छान, छान," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. झाली तपासणी.

मग फोन मी घेतला. तुम्हाला कधी अशी गाडी दुरून घ्यायची वेळ आली, तर एक सांगून ठेवते. रंग, सीट आणि आरसे कोणीही दाखवतो. खरी गाडी पोटात असते. बॅटरी खाली बसवलेली असते आणि गाडीची निम्मी किंमत तिचीच. म्हणून मी त्याला गाडीचं पोट दाखवायला सांगितलं. तो बिचारा अंगणात आडवा झाला आणि फोन गाडीखाली सरकवला. पत्र्यावर पोचा, चरा काही नव्हतं. माझं समाधान होत होतं तेवढ्यात शेजारून काका म्हणाले, "अरे, फरशी तापली असेल. अंगाखाली काहीतरी घे बाबा."

चार्जिंगचं तोंड पाहिलं, केबल पाहिली, टायर पाहिले. राहिली मुख्य गोष्ट. पूर्ण चार्ज केलेली गाडी प्रत्यक्ष किती चालते ते. मी म्हटलं, बॅटरी पूर्ण भरून गाडी रस्त्यावर काढा, आम्ही इथून बघतो. तो जरा अडखळला. उद्या बघू म्हणाला. उद्याचा परवा झाला. माझ्या धंद्यात अशा उद्याला फार अर्थ असतो. काका मात्र म्हणत होते, "कामात असेल गं. वडिलांचे डोळे आहेत."

अखेर एका रविवारी सकाळी तो तयार झाला. त्याने फोन डॅशबोर्डला असा अडकवला की अर्ध्या पडद्यावर तो आणि अर्ध्या पडद्यावर रस्ता दिसावा. गाडी अजून किती किलोमीटर जाईल, तो आकडा तो मधून मधून फोन फिरवून दाखवणार होता. आम्ही तिघं चंदनसारच्या सोफ्यावर ओळीने बसलो, आणि नागपूरचा रस्ता आमच्या अंगावर येऊ लागला.

"डावीकडून सायकल येतेय बघ," काका सांगत होते.

"दिसली जी."

काकू पदर नाकाला लावून मागे टेकल्या. "त्याला म्हना, हलू चालव. मला मलमलतंय." सोफ्यावर बसून गाडी लागलेली बाई मी तेवढीच पाहिली.

आकडा ठीक उतरत होता. जेवढं अंतर जायचं, साधारण तेवढाच कमी व्हायचा. मला वाटलं, आपण उगाच शंका घेतली. तेवढ्यात काका पुढे वाकले आणि पडद्याकडे निरखून बघू लागले.

"अरे, तू किती घामाघूम झालायस. एसी का लावत नाहीस?"

"राहू द्या ना जी. सवय आहे."

"सवय कसली? शर्ट चिकटलाय अंगाला. आमच्यासाठी उन्हात निघालास आणि असा शिजतोयस. लाव बरं एसी."

"नको काकाजी."

"तू लावल्याशिवाय आम्हाला इथे पंख्याखाली बसवणार नाही. मी पंखा बंद करतो बघ." आणि त्यांनी खरंच उठून पंखा बंद केला.

शेवटी त्या मुलाने हात पुढे केला आणि एसी लावला. थोडं अंतर गेल्यावर मी आकडा दाखवायला सांगितलं. आकडा घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली आला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत आणखी खाली जात होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला जे सुचलं नव्हतं ते काकांनी केलं होतं. आणि आपण काय केलं, हे त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की मुलाचा घाम काही थांबत नाही.

त्याने गाडी एका कडुनिंबाखाली घेतली.

"काकाजी, ही गाडी तुम्ही घेऊ नका," तो म्हणाला. "बॅटरीत गडबड आहे. मी मागच्या वर्षी जुनीच घेतली होती. मलाही असंच विकलं कोणीतरी. तुम्ही घरच्यासारखं बोलून राहिले, आता मला नाही जमत."

मी तोंड उघडलं. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ते आपण नंतर बोलू. आधी सांग, आता तू घरी पोचशील का?"

पोचण्याची खात्री नव्हती. एसी बंद केला तरी आकडा वर चढेना, आणि चार्जिंगची जागा लांब होती. काकांनी फोन ठेवला नाही. हळू चालव, मध्येच जोर देऊ नकोस, सिग्नल लांबून दिसला की आधीच पाय काढ, असं ते सांगत राहिले. अधूनमधून वडिलांच्या मोतीबिंदूबद्दल बोलत राहिले, म्हणजे त्याने घाबरू नये. आमचाही पंखा बंदच होता. काकू मळमळ विसरून पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या. गाडी चार्जिंगच्या खांबाशी जाऊन थांबली, तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "आय माझे, पोचला." आम्हाला फसवायला निघालेल्या माणसासाठी आम्ही तिघं घामाने निथळत बसलो होतो.

संध्याकाळी काकांनी त्याला पुन्हा फोन केला. कंपनीकडे तक्रार केलीस का, हे विचारायला. केली होती. बॅटरीची वॉरंटी अजून शिल्लक होती. पण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी उन्हाळ्यात असं होतंच म्हणून त्याला परत पाठवलं होतं, आणि त्याने तो नाद सोडला होता.

काकांना रागावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही. फक्त मान ताठ झाली.

"तक्रार नोंदवून न घेता माणूस परत पाठवला?" ते म्हणाले. "असं करत नाहीत."

पुढचे कित्येक दिवस काका रोज सकाळी नाश्ता करून त्या सर्व्हिस सेंटरला फोन लावायचे. भांडायचे नाहीत. पलीकडच्या मुलीला आधी विचारायचे, जेवण डब्यातून आणता की तिथेच मिळतं? मग नम्रपणे म्हणायचे, "तुमच्याकडे नोंद झाली नाही तर वरचे लोक तुम्हालाच बोलतील, आणि ते मला बरं वाटणार नाही. तेव्हा तक्रार क्रमांक मिळेपर्यंत मी थांबतो. सावकाश बघा." आणि खरंच थांबायचे. पलीकडे संगीत वाजत असायचं आणि काका ते ऐकत कोथिंबीर निवडत बसायचे. मी ऑफिसला निघताना ते फोनवर असत. काकूंनी कंटाळून विचारलं, "लगीन जमवताय की काय तिकडं?"

भांडखोर गिऱ्हाइकाला कसं टाळायचं हे लोक शिकलेले असतात. जो रागावत नाही आणि फोनही ठेवत नाही, त्याचं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तक्रार नोंदली गेली, गाडी तपासायला आत घेतली, बॅटरीतला एक कप्पाच निकामी निघाला. वॉरंटीत तो बदलून मिळाला.

त्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "काकाजी, गाडी आता नव्यासारखी झाली. मला दुसरा गिऱ्हाईक मिळून राहिला, पण आधी तुम्हाला विचारतो."

काका लगेच हो म्हणणार होते. मी फोन काढून घेतला आणि सांगितलं, बॅटरी पूर्ण भरा, एसी लावा आणि निघा. त्याने भर दुपारी काचा बंद करून गाडी चालवली, आम्ही पंखा लावून पाहिली. आकडा शहाण्या मुलासारखा एकेक पायरी उतरत गेला. बॅटरीचा कप्पा बदलल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद मी दोनदा वाचला. काकांनी तो वाचायला नकार दिला, कारण तो मुलगा बघत होता.

गाडी ट्रकवर चढून कामणच्या एका गोदामापर्यंत आली. तिथे उतरवून घ्यायला मीही गेले. मागच्या सीटवर संत्रा बर्फीचा डबा पट्टा लावून बसवलेला होता. काका गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "दमला असशील, बर्फी घे." निम्मा डबा तिथेच संपला.

पहिल्या रविवारी त्यांनी मलाही अर्नाळ्याला नेलं. काकू पुढे बसल्या, मी मागे. काचा बंद, आत गारवा, आणि गाडीचा आवाज नाही. काकू वाटेत एकदाही खोकल्या नाहीत. सगळा वेळ बोलत होत्या, लहानपणी बहिणीच्या हातून खाल्लेल्या माराबद्दल.

गावात शिरल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि मधोमध एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन रमतगमत चालली होती. गाडीला आवाज नसल्यामुळे तिला आमचा पत्ताच नव्हता. काकांनी हॉर्न वाजवला नाही. ते तिच्या मागून तिच्याच चालीने निघाले. ती थांबून कोणाशी बोलली तेव्हा तेही थांबले. आमच्या मागे दोन मोटारसायकली आणि एक टेम्पो येऊन साचला.

शेवटी काकूंनी काच खाली केली, अर्ध्या बाहेर झुकल्या आणि छातीभर श्वास घेऊन, धाप न लागता हाक मारली, "ओ बाय, मागं गाडी हाय, जरा बाजूला हो." गल्लीतली माणसं दारात आली. म्हातारी दचकून वळली, काकूंना ओळखून हसली आणि भिंतीकडेला सरकली. रस्ता मोकळा झाला.

काकांनी गाडी पुढे घेतली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ते काकूंकडे बघत बसले होते.