इव्हरची होडी

टायव्ही नदीकाठच्या आमच्या गावी गेलो, की हल्ली पुलावरून नुसतं पाणी दिसतं, होड्या दिसत नाहीत. मला नेस्टा मावशी आठवते आणि गलबलून येतं.

गावात नुसत्या नावाने कुणी कुणाला ओळखत नसे. ती 'जाळीवाली नेस्टा'. बुटकी, पण जिभेला धार. नवरा गोमर आणि दीर इव्हर सामन मासे पकडायचे. ही घरी जाळी विणायची, मनुकांचा पाव भाजायची आणि दोघा भावांना सारखंच फैलावर घ्यायची. आमच्या होड्या म्हणजे एकेका माणसापुरते हरिगोल, टोपलीसारखे गोल आणि हलके. पाठीवर पालथ्या घालून नदीवर न्यायच्या. मागून बघावं तर होडीलाच पाय फुटलेले. जाळं मात्र दोन होड्यांच्या मध्ये धरायचं, त्यामुळे मासेमारी जोडीनेच चाले.

इव्हर वारला आणि गोमरने खुर्ची धरली. दुसरा जोडीदार घे म्हणून लोकांनी सांगून पाहिलं, त्याने कुणालाच दाद दिली नाही. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हा असाच बसून राहिला ना, तर हिवाळा काढायचा नाही." त्यात पबवाल्या टेक्विनने दोन्ही होड्या मागितल्या, पाहुण्यांना बघायला छताला टांगायच्या म्हणून. गोमर म्हणाला, घेऊन जा.

टेक्विन यायचा त्या दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो. मावशी मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने खिडकीसमोरून इव्हरची होडी चालत गेली, पालथी, नदीच्या वाटेने. गोमर बघत राहिला. मग उठला. खुंटीवरचं जाळं घेतलं, अंगणातली आपली होडी पाठीवर चढवली आणि निघाला. मी चहा तसाच टाकून त्याच्या मागे.

काठावर मावशी होडीखालून बाहेर आली, घामाघूम. आता म्हातारा चिडणार, असंच मला वाटलं. तिला पोहताही येत नव्हतं.

"काय, इव्हर आला असं वाटलं?" तिनेच विचारलं.

"खिडकीतूनच ओळखलं मी तुला. घरातल्या सपाता घालून इव्हर कधी नदीवर आला नाही."

"मग आलास कशाला?"

गोमरने जाळ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "एकट्याने धरता येत नाही हे."

मावशीने ते घट्ट धरलं आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच मला म्हणाली, "बघत काय बसलास? माझ्या सपाता वर ठेव, भिजतील."