कडूबा मापाऱ्याचं पोतं

जुन्या जालन्यात कडूबा मापाऱ्याला कोण ओळखत नव्हतं? निजामाचं राज्य होतं, एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ज्वारीची रास पडली की हा पायली घेऊन बसायचा आणि दिवसभर आकडे पुकारायचा. पहिल्या पायलीला ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. माप चालू असताना आकड्याशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा मापाऱ्यांचा कडक नेम. एरवी मात्र या माणसाचं तोंड मिटायचं नाही. चैत्रातल्या उत्सवात देवळापुढं भारुडं व्हायची, त्यांत कडूबा लुगडं नेसून असा नाचायचा की त्याची बायको चतुराबाई हसून हसून डोळे पुसायची.

या उत्सवाचा खर्च मोंढाच उचलायचा. माप संपलं की प्रत्येक शेतकरी आपल्या राशीतली एक ओंजळ उत्सवाच्या पोत्यात टाकायचा. मांडव, दिवाबत्ती, मृदंगवाला, सगळं त्या ओंजळींवर चालायचं. सरकारदरबारी मदत मागावी, हे कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

त्या वर्षी आडतीचे मालक काकासाहेब यांच्या डोक्यात नाटक कंपनी शिरली. बाहेरगावची, मखमली पडद्यांची.

“भारुडं पुरे झाली. यंदाचं पोतं कंपनीला,” त्यांनी जाहीर केलं.

कडूबा तडकला. “ओंजळ कुणब्याची हाये, काकासाहेब. त्याला तरी इचारा!”

“विचारू की. बाजारच्या दिवशी दोन पोती ठेवू. ज्याचं आधी भरेल त्याचा उत्सव.”

कडूबानं भर मोंढ्यात हो म्हणून टाकलं. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की बाजारच्या दिवशी आपण सकाळपासून मापावर, म्हणजे मुके. काकासाहेब मात्र दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला कंपनीच्या राजाराणीचं वर्णन ऐकवणार.

“काय करून राह्यले तुम्ही!” चतुराबाई म्हणाली. “पैज लावता, अन् तोंडाला कुलूप?”

तिचं बरोबरच होतं. मला तर कडूबाच्या या उतावळेपणाचा आजही राग येतो.

बाजारच्या दिवशी दुपारपर्यंत कंपनीचं पोतं निम्मं झालं होतं. भारुडाच्या पोत्याचा जेमतेम तळ झाकला होता. तेवढ्यात अंबडकडचे म्हातारे शेतकरी रामकिसन आपला माल घेऊन आले. कडूबा मापाला बसला आणि त्यानं पुकारलं, “लाभ!”

काय झालं कुणास ठाऊक, तो ‘लाभ’ भारुडाच्या चालीवर निघाला! मग दोन, तीन, चार. नेम शब्दांचा होता, सुराचा थोडाच होता! हमाल पाठीवरची पोती टाकून धावले. कुणी तेलाच्या डब्यावर ठेका धरला. नुसते आकडे, पण त्यांत सासू होती, नवरा होता, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं. माणसं टाळ्या पिटत होती, शिट्ट्या मारत होती. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस...

आणि कडूबा थांबला. पायली हातात तशीच राहिली.

“माप चुकलं,” तो म्हणाला. “एकोणतीस का तीस, ध्यानात न्हाई.”

वीस वर्षांत पहिल्यांदा! कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. गडी गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण त्यानं मोजलेली सगळी ज्वारी पुन्हा राशीत ओतली आणि रामकिसनच्या पायांना हात लावला. “सुरात वाहून गेल्तो, काका. आता गाणार न्हाई. बराबर मोजतो.”

रामकिसननी उठून त्याच्या हातातली पायली काढून घेतली. कडूबाला वाटलं, संपलं, आपला धंदाच गेला.

“मोजायला कुणी बी भेटंल,” म्हातारा म्हणाला. “तू ऊठ. अन् गा.”

मग काय विचारता! कडूबा उभा राहून गाऊ लागला, मोकळ्या तोंडानं, शब्दांसकट. ओंजळींवर ओंजळी पडल्या. पोतं शिगोशीग भरलं, तरी लोक थांबेनात, तेव्हा चतुराबाईनं धावत घरून दुसरं आणलं. काकासाहेब हट्टी होते, पण माणूस दिलदार. ते पायऱ्या उतरून आले, पांढरंशुभ्र धोतर सावरत राशीपुढं बसले आणि पायलीसाठी हात पुढं केला.

“आणा इकडं. मोजतो मी. आवाज चढव, कडूबा!”

“आडत्या मोजणार?” रामकिसन ओरडले. “मंग कडूबा, गाता गाता इकडं बी ध्यान ठेव रे बाबा!”