दोन्ही कानांत सारखं

रिपेअरिंगच्या दुकानात वस्तू जोडून झाली की एखादा स्क्रू उरतोच. कुठला ते कळत नाही आणि टाकवतही नाही. पाटोद्याच्या बाजारातल्या आमच्या दत्ताच्या दुकानात किस्सेही असेच उरलेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण रविवारचा मुक्काम तिथेच! आज फक्त हेडफोनच्या ॲम्प्लिफायरचे सांगतो.

*

दत्ताचे वडील, आप्पा, जन्मभर मेंढरांमागे फिरले. ओव्या म्हणायचे, आणि काय तो आवाज! अलीकडे त्यांना कमी ऐकू यायला लागलं. दत्ताने हौसेने कानाचं मशीन आणलं. आप्पांनी दोन दिवसांत काढून ठेवलं.

"कानात शिट्ट्या मारतंय. मी काय मेंढरू हाय व्हय रं?"

आम्ही हसलो, पण त्यानंतर आप्पा गप्पच झाले. माणसांत बसायचे, बोलायचे नाहीत. दत्ताला ते बघवेना. आप्पांच्या ओव्यांची एक जुनी कॅसेट त्याने मोबाईलमध्ये उतरवून घेतली आणि मला म्हणाला, "सर, हेडफोनचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आपणच करू. आप्पाला त्यांचा आवाज ऐकवायचाच!"

*

आमच्यात तिसरा महादू, आयटीआय केलेला वायरमन. त्याचा हट्ट, दोन्ही कानांत आवाज अगदी सारखा आला पाहिजे.

"डावीकडचे अन् उजवीकडचे ट्रान्झिस्टर सख्खे जुळे पायजेत!"

बीडहून शंभर ट्रान्झिस्टर, म्हणजे तीन पायांचे इवलेसे सुटे भाग, आणले. एकेक मीटरला लावायचा, ताकदीचा आकडा लिहायचा, सारख्या आकड्यांच्या जोड्या लावायच्या. पहिल्यावरच भांडण! दत्ताने मोजला तर दोनशे वीस, मी मोजला तर दोनशे पाच.

"सर, तुमाला आकडे वाचता येत न्हाईत."

विज्ञानाच्या मास्तरने हे ऐकून घ्यायचं! शेवटी उमगलं, दत्ताने नुकताच चहाचा गरम ग्लास खाली ठेवला होता. बोटांच्या उबेने आकडा चढत होता. महादूने फर्मान काढलं, "मोजणी होईस्तोवर चहा बंद!"

दत्ता ट्रान्झिस्टर चिमट्याने धरायला शिकला, पण चहा काही सोडला नाही.

*

एकदा ऊसतोड टोळीचे मुकादम चार्जर घेऊन आले. बाजूला काढलेल्या ट्रान्झिस्टरांचा ढीग बघून म्हणाले, "एवढे काहून टाकले रं?"

"जोडी जुळंना," दत्ता म्हणाला.

मुकादम मनापासून हसले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. "माझ्या टोळीत पन्नास कोयते हायेत. आकडे जुळवत बसलो असतो तर एक बी गाडी भरली नसती!"

महादूने पुढचा ट्रान्झिस्टर मीटरला लावला.

*

एका रविवारी दुपारनंतर मोजलेले सगळेच ट्रान्झिस्टर एकदम ताकदवान निघाले. आम्ही खूश! महादू म्हणाला, "पिशवीतला खालचा माल लई भारी हाय!"

दत्ताची बायको, सुमनवहिनी, चहा घेऊन आली. तिने आमचा कागद पाहिला, मीटर पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, मीटरची बॅटरी संपत आलीय. ही खूण कवाची लुकलुकतीय."

आकडे चढत होते ते त्यामुळे. शंभरच्या शंभर पुन्हा मोजले. या वेळी आकडे वहिनीने लिहिले.

*

अखेर ॲम्प्लिफायर तयार झाला. दोन्ही बाजूंत एका आकड्याचाही फरक नव्हता. महादू तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. हेही आप्पांनी काढून ठेवलं, तर पुढे काय करायचं हे दत्ताला माहीत नव्हतं.

त्याने आप्पांना खुर्चीत बसवून हेडफोन चढवला आणि ओवी लावली. आप्पा आधी दचकले. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आणि कितीतरी दिवसांनी ते गायला लागले, अगदी खणखणीत! बाजारातली माणसं वळून बघू लागली. माझे डोळे भरून आले.

ओवी संपल्यावर महादूला राहवेना. आप्पांसमोर वाकून त्याने मोठ्याने विचारलं, "आप्पा, दोन्ही कानांत सारखं येतंय ना?"

"उजवीकडं झ्याक येतंय," आप्पा म्हणाले. "डाव्या कानानं मला चार-पाच वर्सं झाली, कायच ऐकू येत न्हाई."

महादू मटकन खाली बसला. दत्ता ओरडलाच, "आप्पा! मग सांगितलं काहून न्हाई?"

आप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"तू रोज जेवताना माझ्या डाव्या अंगाला बसून दिसभराचं समदं सांगतूस. कसं सांगू तुला?"